पुराआधी टपरीचे काय करायचे?

२५ जुलै २०२४ ची पहाट. पुण्यात रात्रभर पाऊस झालेला, खडकवासल्यातून मुठेत सोडलेला विसर्ग वाढत चाललेला. डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत नदीपात्रालगत अंडाभुर्जीची एक हातगाडी होती. पाणी चढू लागले तसे ती गाडी आणि तिच्यावरचे सामान हलवायला काही तरुण पाण्यात उतरले. विजेचा धक्का बसून त्यांतल्या तिघांचा मृत्यू झाला. विसर्ग किती क्युसेक होता, इशारा वेळेत मिळाला का, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसे शिरले, यावर पुढे बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एका हातगाडीसाठी माणसे अंधारात पाण्यात का उतरली, हा प्रश्न मागे पडला.

उत्तर साधे आहे. हातगाडी, शेगडी, भांडी आणि गॅसची टाकी एवढेच त्या घराचे भांडवल असते. ते वाहून गेले तर उद्याची चूल पेटत नाही. टपरी, रसवंतीचे गुऱ्हाळ, गोठा, कडब्याची गंजी, नदीकाठची मोटार, स्टार्टरची पेटी, परसातली पाण्याची टाकी, अंगणातले शौचालय... पुराचे पाणी सर्वांत आधी गाठते ते यांनाच. घराच्या जोत्याला पाणी लागते, तोवर यांची वाट लागलेली असते. तरीही पुराची पूर्वतयारी म्हटली की बोटी, लाइफ जॅकेट, स्थलांतरासाठी ठरवलेली शाळा आणि धरणाचे दरवाजे यापुढे बोलणे जात नाही. माणसे वाचवणे पहिले, यात वाद नाही. पण माणसे धोका पत्करून मागे थांबतात किंवा परत फिरतात, ती अनेकदा याच वस्तूंसाठी. त्यांची सोय आधी लागली तर बचाव पथकाचे कामही हलके होते.

या वस्तूंची सरकारी किंमत किती? २०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात टपरीधारकांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त १० हजार रुपये अशी तरतूद होती. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदत निकषांत घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये आहेत. एवढ्या पैशात गोठ्यावरचे पत्रेही नीट बदलून होत नाहीत. पथविक्रेत्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतला पहिला हप्ताच १० हजारांचा होता. म्हणजे त्या कर्जातून उभा केलेला धंदा पुरात गेला, तर पूर्ण मदत मिळूनही माणूस जेमतेम कर्जाइतक्या रकमेपाशी परत येतो. मदत वाढायला हवीच. पण ती वाढेल तेव्हा वाढेल. तोवर जे आहे ते वाचवण्याच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कमी खर्चाच्या आहेत.

त्या शोधण्याआधी आपल्याकडचा पूर कोणत्या जातीचा आहे, हे पाहावे लागते. कोल्हापूर-सांगलीचा पूर चढत चढत येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची अनुक्रमे ४० आणि ४५ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा धोका पातळीच्या १२ फुटांहून अधिक वर गेली. पण ती एका रात्रीत तिथे पोचली नव्हती. पाणी जामदार क्लबपर्यंत आले, सुतारवाड्यात शिरले, मग पुढे, अशा खुणांनी कोल्हापूरकर पुराची चाल ओळखतात. सांगलीत कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट इथे पाणी आले की पुढच्या गल्ल्या सावध होतात. हा पूर हातात वेळ देतो, पण नंतर दिवसेंदिवस हलत नाही. लाकूड फुगते, पत्रा गंजतो, मोटारीचे वाइंडिंग जाते.

चिपळूणचे उलटे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले, त्यात खाडीची भरती. अंधारात पाणी इतक्या वेगाने वाढले की सामान वरच्या मजल्यावर न्यायलाही अनेकांना उसंत मिळाली नाही. असा पूर उचलतो, ढकलतो आणि आदळतो. इथे ‘पाणी आले की बघू’ असे म्हणणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. आणि आता तिसरी जातही आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा, मोहोळ, करमाळा या भागांत हाहाकार माजवला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली गेली, तिथे गोठा पुराला टिकेल असा बांधावा, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

छोट्या बांधकामांच्या बाबतीत लोक पाण्याच्या धक्क्याला भितात आणि त्याच्या उचलण्याला विसरतात. खरी गोम इथेच आहे. घरगुती गॅसची टाकी घ्या. रिकाम्या टाकीचे वजन १५-१६ किलो, आत गॅस १४.२ किलो, म्हणजे भरलेली टाकी साधारण ३० किलोची. पण तिचे आकारमान ३५ लिटरच्या आसपास. ती पूर्ण बुडाली तर पाणी तिला ३५ किलोंच्या जोराने वर ढकलते. म्हणून भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते, रिकामी तर सहजच. आणि तरंगताना ती रेग्युलेटर आणि नळी ओढत नेते. पाणी येण्याची शक्यता दिसताच रेग्युलेटर काढणे, टोपण लावणे आणि टाकी उभी ठेवून भिंतीतल्या कडीला साखळीने बांधणे, हे पाच मिनिटांचे काम आहे. कडी मात्र आधीच ठोकलेली हवी.

हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा हिशेब तर आणखी डोळे उघडणारा आहे. झाकण बंद असलेली रिकामी टाकी बुडू लागली तर तिला वर उचलणारा जोर जवळजवळ एक टनापर्यंत जातो. कोणतीही सुतळी, तार किंवा साधा खिळा त्यापुढे टिकणार नाही. टाकी सुटते आणि जोडलेला नळ उखडून नेते. तीच टाकी काठोकाठ भरून ठेवली तर आतले-बाहेरचे पाणी जवळपास सारखे होते आणि हा जोर नाहीसा होतो. मग उरतो तो फक्त प्रवाहाचा धक्का; त्याला पट्ट्याने बांधणे पुरते. जमिनीत पुरलेल्या सेप्टिक टँकचेही तसेच. रिकामी, हलकी टाकी ओल्या जमिनीतून वर उचलली जाते. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर ती उपसायची असेल, तर पुन्हा पाण्याने भरून ठेवावी.

आता टपरी. सहा बाय चार फुटांची पत्र्याची टपरी घ्या, तळाला पत्रा किंवा फळ्या घट्ट बसवलेल्या. बाहेर फूटभर पाणी चढले आणि ते आत झिरपू शकले नाही, तर ती उचलणारा जोर साडेसहाशे किलोंच्या वर जातो. अनेक टपऱ्यांचे वजन याहून कमी असते. म्हणजे फूटभर पाण्यातच टपरी जागेवरून सुटते आणि पुढचा प्रवास नदीच्या मर्जीने होतो. पुलाच्या खांबाला किंवा मोरीच्या तोंडाशी ती अडकली की मागे पाणी तुंबते आणि वरच्या अंगाच्या वस्तीत शिरते. एकाची न बांधलेली टपरी दहा जणांच्या घरात पाणी नेते. म्हणून हा फक्त टपरीवाल्याचा खासगी प्रश्न नाही.

यावर उपाय धाडसी वाटतो, पण तोच खरा आहे: पाण्याला आत येऊ द्या. तळाशी, जमिनीलगत, समोरासमोरच्या बाजूंना झडपा ठेवा. एरवी बंद, पुराच्या दिवसांत उघड्या. माल वरच्या फळीवर किंवा घरी. पाणी आत-बाहेर सारखे राहिले की उचलण्याचा जोर ओसरतो आणि टपरी जागेवर टिकण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या पूरविमा नियमांत जमिनीलगतच्या बंदिस्त जागांसाठी हेच तत्त्व लिहून ठेवले आहे: वेगवेगळ्या भिंतींत निदान दोन उघडी तोंडे, दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच तोंड आणि त्यांचा तळ जमिनीपासून फूटभराच्या आत. आपल्याकडे गावच्या फॅब्रिकेटरला एवढे सांगितले तर तो एका दुपारीत करून देईल.

कुंपणाच्या भिंतीलाही हाच न्याय लागू आहे. एका बाजूला मीटरभर पाणी आणि दुसरी बाजू कोरडी असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन दाब येतो. चार इंची विटांची भिंत तो सोसत नाही. शाळा, दवाखाने, सोसायट्या यांच्या कुंपणाला पायथ्याशी जाळीची तोंडे ठेवली, तर ती भिंत कोणाच्या अंगावर येणार नाही.

वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त, एवढ्या वेगाचे पाणी दर चौरस फुटावर जवळपास १९ किलोंचा जोर लावते. तीन फूट पाण्यात, सहा फूट रुंद पत्र्यावर हा भार साडेतीनशे किलोंच्या घरात जातो. शेडची लांब बाजू नदीच्या वाहण्याच्या दिशेला समांतर ठेवली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. बाकी निम्मी खांबाच्या पायथ्याशी असते. जमिनीत नुसता ठोकलेला पाइप आणि काँक्रीटमध्ये दोन-अडीच फूट पुरलेला, खाली आडवी सळई लावलेला पाइप, यांत खर्चाचा फरक थोडा आणि टिकण्याचा फरक प्रचंड असतो. भिंतीचे खालचे तीन-चार फूट पत्र्याऐवजी जाळीचे किंवा बिजागऱ्यांवर उघडणारे ठेवावेत. पाणी निघून जाते, खांब उभे राहतात. पत्रे गेले तरी चालतील, सांगाडा राहिला पाहिजे.

सगळ्यांत शहाणा मार्ग मात्र हलवण्याचा आहे आणि तो आपल्याला शिकवायची गरज नाही. नाशिकला गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले, यावर पुराचा अंदाज बांधला जातो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होणार म्हटले की घाटावरचे विक्रेते टपऱ्या हलवू लागतात. नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेचे पाणी मंदिरात चढते, तेव्हा उत्सवमूर्ती वरच्या नारायण स्वामींच्या मंदिरात नेली जाते. कधी न्यायचे, कुठे न्यायचे हे आधीपासून ठरलेले असते, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. ही शिस्त टपरीला मिळाली तर किती बरे होईल. चाके असलेली टपरी असणे पुरेसे नाही; ती कोणत्या पातळीला निघणार, कोणत्या मैदानावर उभी राहणार, तिथे चोरीची भीती नाही ना, हे ठरलेले हवे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, शहरात विक्रेता समित्या आहेत. पूररेषेतल्या विक्रेत्याला धंद्याची जागा ठरवून देताना पूरकाळातली जागाही त्याच कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

गोठ्याची गोष्ट काळजाला जास्त भिडते. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचे लोक पाणी वाढू लागले की जनावरांसह सोनतळीला जातात. १९८९ च्या पुरानंतर तिथे पुनर्वसनाच्या जागा मिळाल्या, त्यामुळे जायला ठिकाण आहे. ज्यांना असे ठिकाण नाही, ते शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात. दुभती म्हैस ट्रॉलीत चढवणे हे एका माणसाचे काम नव्हे. पावसात, चिखलात, घाबरलेल्या जनावराला तर नाहीच. म्हणून इशारा पातळीलाच जनावरे हलली पाहिजेत, धोका पातळीची वाट पाहून नाही. आणि कुठल्याही कारणाने ती मागे राहिलीच, तर दावे सोडून द्यावे, साखळी असेल तर ती काढावी. मोकळे जनावर पोहते, उंचवटा शोधते. दावणीला बांधलेल्या जनावराला काहीच करता येत नाही. कडब्याची गंजी उंचावर रचावी, वरून जाळी टाकून चारी बाजूंनी खुंट्यांना बांधावी. तणनाशके, कीटकनाशके आणि खते माळ्यावर न्यावीत. गोठ्यात उरलेले ते डबे फुटले की विष गावभर फिरते.

नदीकाठच्या शेतकऱ्याचा जीव मोटारीत अडकलेला असतो. पंचगंगा, वारणा, कृष्णेच्या काठी पाणी चढू लागले की मोटारी वर ओढण्याची धांदल सुरू होते. ती दरवर्षीची आहे, तरी दरवर्षी धांदलच असते. काठावर आधीच एक पक्का लोखंडी घोडा, त्यावर चेनपुली आणि वर घेतलेली मोटार ठेवायला काँक्रीटचा ओटा असेल, तर दोन माणसांत काम होते. पाणबुडी मोटार पाण्यातच राहण्यासाठी बनवलेली असते. बुडून निकामी होते ती तिची स्टार्टर पेटी. ती पेटी आपण हात पोचेल अशा उंचीवर लावतो आणि पूर बरोबर तेवढ्याच उंचीवर येतो. २०१९ किंवा २०२१ ची पूररेघ जिथे असेल, तिच्या दोन-तीन फूट वर पेटी आणि खाली शिडी, एवढाच बदल. तेवढा उंच खांब परवडत नसेल तर पेटी झटकन काढता येईल अशी लावावी. सौर पंपांच्या कंट्रोलरचेही तसेच. काठावरची साधी मोटार मात्र बुडाली आणि पाणी ओसरल्यावर ‘एकदा चालू करून बघू’ म्हणून कळ दाबली की वाइंडिंग जळते. ती सोडवून, वाळवून, इन्सुलेशन तपासल्याखेरीज वीज जोडू नये.

विजेच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको. पाण्यात उभे राहून हलवलेली कोणतीही वस्तू जिवापेक्षा मोलाची नाही. टपरीला, गोठ्याला, अंगणातल्या दिव्याला दिलेल्या जोडणीवर ३० मिलीअँपिअरचे गळतीरोधक स्विच हवे. ते हजार-दोन हजारांत येते आणि जीव वाचवते. आकडे टाकून किंवा शेजाऱ्याकडून लोंबत आणलेली वायर पुरात प्राणघातक ठरते. मुख्य कळ बंद केल्याशिवाय आणि महावितरणने त्या भागाचा पुरवठा तोडल्याची खात्री झाल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये, खांब आणि तणावा यांच्या जवळून जाऊ नये.

हातपंप आणि शौचालय यांची तरतूद आसाम-बिहारकडून घेण्यासारखी आहे. तिथे पूरप्रवण गावांत हातपंप उंच ओट्यावर उभारतात. ब्रह्मपुत्रेच्या काठचे मिसिंग लोक तर घरेच खांबांवर बांधतात. आपल्याकडे ओटा दोन-तीन फुटांनी वाढवणे, बोअरची केसिंग वर घेऊन झाकण घट्ट बसवणे आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब ठेवणे एवढे तरी करता येईल. पूर ओसरल्यावर लोक आधी पाणी मागतात आणि नेमके तेच तेव्हा दूषित असते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. राज्यात निळी आणि लाल पूररेषा आखल्या आहेत. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाईच आहे, मग तिथल्या टपऱ्या-गोठ्यांना टिकवण्याचे उपाय कशाला सांगायचे? पक्क्या इमारतींबाबत हा आक्षेप पूर्ण मान्य. भराव टाकून नदीत घुसलेल्या इमल्यांना कसलीही दया दाखवू नये. छोट्यांच्या डोक्यावर पाणी चढवण्यात त्यांचा वाटा आहे. पण घाटावरची फुले घाटावरच विकली जातात, मोटार नदीवरच बसते आणि गोठा शेताजवळच असतो. ही माणसे नदीकाठी राहणारच. तेव्हा त्यांच्या वस्तू हलत्या, बांधलेल्या किंवा पाण्याला वाट देणाऱ्या असाव्यात, हा नियम करणे जास्त उपयोगाचे.

दुसरा आक्षेप, १२ फूट पाण्यात काँक्रीटमध्ये पुरलेला पाइप काय करणार? सामान वाचवणार नाही, हे खरे. पण शेड जागेवर ठेवील, ते वाहून पुलाला अडकणार नाही आणि पूर गेल्यावर गाळ काढून त्याच खांबांवर पत्रे चढवता येतील. पुन्हा उभे राहायला तीन महिने लागतात की तीन आठवडे, हे त्यावर ठरते.

हे काम आषाढात होत नाही, वैशाखात होते. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. पूरप्रवण गावांनी त्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय ठेवावा: नदीकाठच्या टपऱ्या, गोठे, मोटारी आणि डीपी यांची यादी, प्रत्येकाची हलण्याची पातळी फुटांत, जाण्याची जागा आणि ट्रॉली कोणाची. गल्लीतल्या विजेच्या खांबांवर आणि शाळेच्या भिंतीवर मागच्या महापुराची रेघ ऑइलपेंटने ओढावी. महापालिकांनी घाटांवरच्या विक्रेत्यांसाठी मैदाने राखून ठेवावीत आणि तिथे रात्रीचा पहारा द्यावा. जिल्हा प्रशासनाने पंचनाम्याच्या नमुन्यात स्टार्टर पेटी, हातगाडी आणि पाण्याची टाकी यांसाठी वेगळा रकाना घालावा, म्हणजे निदान नुकसान किती ते कळेल. आणि ज्यांच्या दारात गॅसची टाकी, पाण्याची टाकी किंवा एखादी टपरी आहे, त्यांनी सभेची वाट न पाहता या रविवारी भिंतीत एक कडी ठोकावी आणि साखळी आणून ठेवावी.